आम्ही आणि आपण : वसतिगृहातलं पहिलं वर्ष



आज बोलायचं आहे ते वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाबद्दल. संयोजकांनी विषय सुचवला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा असं असावं की, समोर नुकतीच घर सोडून आलेली मुलंमुली बसतील, मागच्या रांगेत काही पालक बसतील, आणि सत्तरी ओलांडलेला तत्त्वज्ञानाचा मास्तर त्यांना चार धीराचे शब्द सांगेल. धीराचे शब्द आमच्याकडे फारसे नाहीत. एक हिशेबाची वही आहे आणि त्या वहीत एका नावापुढे आमच्याच हातानं मारलेल्या अकरा फुल्या आहेत. त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. तिथवर जायला थोडा वेळ लागेल.

आधी एक खुलासा. आम्ही स्वतःबद्दल बोलताना ‘आम्ही’ म्हणतो, याला घरात हसतात. जुन्या मास्तरांची खोड आहे ती. पण आज त्या खोडीचा उपयोग होणार आहे. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत; इंग्रजीत दोन्हींना मिळून एकच आहे. ‘आम्ही सिनेमाला चाललो’ म्हटलं की ऐकणारा घरी राहिला. ‘आपण सिनेमाला जाऊ’ म्हटलं की त्याचंही तिकीट काढायचं आहे. हा भेद लहान मूल न शिकवता शिकतं. आम्हाला तो नीट कळायला एकविसावं वर्ष उजाडावं लागलं.

साल १९७२, महिना जून. एम.ए.साठी पुण्यात आलो आणि एका वसतिगृहात जागा मिळाली. वसतिगृहाचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात दोष आमचा होता, वास्तूचा नव्हता. एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी, एक बादली. वडील शिक्षक, घरी खाऊनपिऊन सुखी. खोली तिघांची. तेव्हा वसतिगृहात नावानं कोणी कोणाला हाक मारत नसे, गावानं मारत. त्यामुळे आम्ही ‘वाई’, खिडकीजवळच्या कॉटवर ‘देवगड’, आणि दाराजवळ ‘सांगोला’. आजही फोनवर आम्ही एकमेकांना असंच संबोधतो. नातवंडांना वाटतं आजोबा एसटीच्या कंडक्टरशी बोलतायत.

पहिले दोन महिने कसे जातात हे तुमच्यापैकी अनेकांना आत्ता ताजं ठाऊक असेल. माणूस रडतबिडत नाही, पण त्याला सगळ्याचा विचार करावा लागतो. घरी कशाचाच विचार नसतो. पाणी कुठं, टॉवेल कुठं, दिवा कधी मालवायचा, मोठ्यानं वाचलं तर चालेल का, हे सगळं घरात आपल्या आधीपासून ठरलेलं असतं. आपण त्यात जन्माला येतो. वसतिगृहात ते ठरलेलं नसतं. म्हणून थकवा येतो. पहिल्या वर्षाचा थकवा अभ्यासाचा नसतो, आंघोळीच्या बंबापुढे कितव्या नंबरला उभं राहावं याचा असतो.

आमच्या खोलीत भांडण झालं ते दिव्यावरून. देवगड पहाटे चारला उठून पाठांतर करणारा. सांगोला रात्री बारापर्यंत वाचणारा. आम्ही अंथरुणात पडून कादंबरी वाचणारे. दिवा एकच, छताला. ऑगस्टपर्यंत खटके उडाले, एकदा बोलणंही बंद झालं. आणि मग एक दिवस लक्षात आलं की भांडण संपलेलं आहे. अकराला मोठा दिवा बंद होतो, सांगोल्याच्या उशाशी पुठ्ठ्याची झापड लावलेला छोटा दिवा चालू राहतो, आणि देवगड पहाटे व्हरांड्यात जाऊन बसतो. हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. सभा झाली नाही, शपथा झाल्या नाहीत.

योगायोग असा की त्याच सत्रात आम्हाला ह्यूम शिकायला होता. डेव्हिड ह्यूमच्या ‘ट्रीटाइज’चा तिसरा भाग १७४० साली निघाला. त्यात तो विचारतो की माणसामाणसांतले न्यायाचे नियम येतात कुठून? वचनातून येतात म्हणावं, तर वचन पाळायचं हा नियम कुठून आला? त्याचं उत्तर फार सुंदर आहे. दोन माणसं एकाच होडीत बसून वल्ही मारतायत अशी कल्पना करा. त्यांनी एकमेकांना कसलंही वचन दिलेलं नाही. पण याचं वल्हं पडलं की त्याचं पडतं, कारण दोघांनाही पैलतीर गाठायचा आहे आणि एकट्याच्या वल्ह्यानं होडी नुसती गोल फिरेल. ताल बसतो. बसलेल्या तालाची सवय होते, आणि सवयीचा नियम होतो. वर्गात हे ऐकलं आणि आम्ही देवगडकडे बघितलं, देवगडनं आमच्याकडे. आमची खोली ह्यूमची होडी होती! त्या दिवशी तत्त्वज्ञान आपल्याला समजतं असं आम्हाला पहिल्यांदा वाटलं. हा भ्रम जानेवारीपर्यंत टिकला.

आता या नात्याला काय म्हणायचं? खोलीत राहणारे तिघं नातेवाईक नव्हेत. मित्रही नव्हेत, निदान सुरुवातीला तरी, कारण आम्ही एकमेकांना निवडलेलं नव्हतं; कचेरीतल्या कारकुनानं यादी करताना तीन नावं एकाखाली एक लिहिली, एवढंच. आपल्या परंपरेत ‘अंतेवासी’ असा शब्द आहे, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा शिष्य. तिथे राहण्याला गुरू हा मध्यबिंदू असतो. आधुनिक वसतिगृहानं गंमत अशी केली की गुरूला वजा केलं आणि अंतेवासी तेवढे ठेवले. आता ते कोणाच्या जवळ राहतात? एकमेकांच्या. ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखियन एथिक्स’ची दोन अख्खी प्रकरणं मैत्रीवर खर्च केली. उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची, हे तिचे तीन प्रकार सगळे पाठ करतात. पण तिथेच तो एकाच जहाजावरच्या खलाशांचा आणि एकाच फौजेतल्या शिपायांचाही विचार करतो. त्यांच्यात जेवढं सामायिक, तेवढी मैत्री, असं त्याचं म्हणणं. आम्हाला वसतिगृहासाठी हे वर्णन सर्वांत जवळचं वाटतं. फक्त एक विचारायचं राहतं, आणि ते आम्ही विचारलं नाही. आपल्यात सामायिक आहे असं आपण धरून चाललो, ते खरोखर तिघांनाही मिळतंय का?

१९७२ साली पाऊस पडला नाही. तुमच्यातल्या वयस्कांना तो दुष्काळ आठवत असेल. सोलापूर, सांगली, नगर, बीड, औरंगाबाद, सगळीकडे पिकं गेली. लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, बांधबंदिस्ती करत होती, पाझर तलाव खोदत होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी तोंडात फिरायची. पुण्यात आम्हाला दुष्काळ कळायचा तो वर्तमानपत्रातून आणि मेसच्या भाकरीच्या रंगातून. रोज संध्याकाळी त्यावर चर्चाही व्हायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर खोलीत डबे उघडले गेले. देवगडचा डबा म्हणजे फणसपोळी, आंबावडी. आमच्याकडे चिवडा, कडबोळी. सांगोला जूनमध्ये येताना कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आला होता. त्या चटणीची आठवण अजून जिभेवर आहे. दिवाळीनंतर तो हात हलवत आला. म्हणाला, “गाडीत विसरलो.” आम्ही हसलो आणि त्याच्यापुढे चिवडा सरकवला.

मेस विद्यार्थीच चालवत. महिन्याचा सगळा खर्च जेवणाऱ्यांत वाटला जाई, आणि जो आदल्या दिवशी सांगून जेवला नाही त्याचा खाडा धरला जाई. खाड्यांचे पैसे बिलातून वजा. महागाईमुळे बिल ६० रुपयांवरून ७०-७५च्या घरात गेलं होतं. ई.बी.सी. सवलतीत सांगोल्याची फी माफ होती, पण पोटाला सवलत नव्हती. दुसऱ्या सत्रात मेसचा सेक्रेटरी म्हणून निवड झाली आमची (या खेपेला आम्ही एकवचनी). खाड्यांची वही आमच्या हातात. आणि कामाचा मोबदला म्हणून सेक्रेटरीला त्या सत्राचं जेवण माफ असे. हे लक्षात ठेवा.

जानेवारीत सांगोल्याच्या नावापुढे अकरा फुल्या झाल्या. विचारलं तर म्हणे उपवास. सोमवार आहे, गुरुवार आहे, संकष्टी आहे. आम्हाला वाटलं, गाव पंढरपूरच्या शेजारी, माळकरी घर असेल. आता बघा, माळकरी माणसाला महिन्याला एकादशी दोन. याचे उपवास अकरा. हे गणित तिसरीतल्या मुलानं सोडवलं असतं. आम्ही तेव्हा कांटच्या कर्तव्यविचारावर निबंध लिहीत होतो.

गणित सोडवलं आचाऱ्यानं. महिनाअखेरीला भांडारात सामानाची यादी करत होतो, तेव्हा तो कांदा चिरता चिरता म्हणाला, “तुमच्या खोलीतल्या त्या पोराचा उपास खरा नव्हं. उपासाला मानूस केळ खातंय, शाबूदाना मागतंय, निदान च्या तरी पितंय. ह्ये नुसतं पानी पिऊन जातंय.”

एवढंच बोलला आणि पुढचा कांदा घेतला. आम्ही वही मिटली. त्या वहीतली प्रत्येक फुली आम्ही मारलेली होती. आम्ही त्याचं न जेवणं रोज पाहत होतो, नोंदवत होतो, महिन्याच्या शेवटी त्याची बेरीजही करत होतो. आणि आम्हाला काहीही माहीत नव्हतं. शिवाय आमचं स्वतःचं जेवण फुकट होतं, ज्याची आम्हाला काडीची गरज नव्हती.

रात्री देवगडला सांगितलं. दोघांनी ठरवलं, आणि सांगोला खोलीत आल्यावर अगदी सहज बोलल्यासारखं म्हणालो, “हे बघ, तुझं बिल आम्ही भरतो.” तो काही बोलला नाही. चार दिवस काहीच बोलला नाही. पाचव्या दिवशी झापडीचा दिवा मालवल्यावर अंधारात म्हणाला, “तुम्ही ‘आम्ही भरतो’ म्हणालात. म्हणजे खोलीत दोन पार्ट्या झाल्या. एक देणारी, एक घेणारी. बाप खडी फोडतोय, त्याची मला लाज नाही. पण मला या खोलीत राहायचंय अजून दीड वर्ष.”

मंडळी, इथे आमची ह्यूमची होडी बुडाली. आमची चूक झाली तीच त्या दृष्टान्ताचीही मर्यादा आहे, म्हणून जरा थांबतो. होडीत दोघांकडे वल्ही आहेत, हे ह्यूम गृहीत धरतो. ताल बसतो कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्या वल्ह्याची गरज आहे. पण ज्याच्याकडे वल्हंच नाही, त्याच्याशी ताल कसा बसणार? ह्यूम प्रामाणिक माणूस होता. १७५१च्या नीतिविषयक ग्रंथात तो हे स्वतःच मान्य करतो. तो म्हणतो, समजा आपल्यात असे काही जीव राहत असतील की जे विचार करू शकतात, पण इतके दुबळे आहेत की त्यांच्या संतापाची आपल्याला झळ लागूच शकत नाही. तर आपण त्यांच्याशी माणुसकीनं वागू. मात्र काटेकोर अर्थानं न्यायाचं बंधन आपल्यावर असणार नाही. म्हणजे बरोबरीच्या माणसांत न्याय, बाकीच्यांना दया. ‘आम्ही भरतो’ या वाक्यात आम्ही नेमकं हेच केलं होतं. दिव्याचा नियम तिघांचा होता, तो न्याय होता. जेवणाचं बिल दोघांनी तिसऱ्याला दिलेलं, ती दया होती. दया वाईट नव्हे. पण दया ज्याला मिळते तो वल्ही मारणाऱ्यांतून उठून होडीतल्या सामानात जाऊन बसतो, हे आम्हाला दिसलं नाही. त्याला दिसलं.

आपल्याकडची वसतिगृहं उभी राहिली ती याच प्रश्नातून, हे नंतर वाचनात येत गेलं. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकामागून एक जातीजमातींसाठी बोर्डिंगं काढली. कारण शाळा सगळ्यांना खुली केली तरी शहरात टेकायला जागा नसेल तर खेड्यातला पोरगा शिकणार कसा? त्याच कोल्हापुरात भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये शिकत होते. त्यांच्या चरित्रात एक हकीकत येते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. पुढे १९२४मध्ये याच माणसानं साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. एका पंगतीत जेवण, आणि धान्य कमी पडलं तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने, अखेर मंगळसूत्रही गेलं. तिथे मुलं श्रमाची कामंही करत. ‘कमवा आणि शिका’ हा विचार आपण आज योजना म्हणून ऐकतो, पण त्याचं मर्म सांगोल्याच्या त्या वाक्यात आहे. मुलाच्या हातात वल्हं द्या.

आणखी एक उदाहरण मनातून जात नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी तरुण त्यांच्यासोबत होते. ती मैत्री जन्मभर टिकली; लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला निघताना भथेनांनी त्यांना पैसे उसने दिले. तेच आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. एका ठिकाणी पारशी सहनिवासी, दुसऱ्या ठिकाणी पारशी जमाव. स्वभावांवरून याचा उलगडा होत नाही. राहण्याचे नियम कोणी, कोणाला धरून केलेत, यावरून थोडाफार होतो.

तर आमच्या खोलीत पुढं काय झालं? तोडगा सांगोल्यानंच काढला. म्हणाला, “मला सेक्रेटरी करा. उपकार म्हणून नको, मतदान घ्या. तुमच्यापेक्षा हिशेब बरा ठेवीन.” सत्र अर्धं झालेलं. आम्ही राजीनामा दिला, मेसची सभा बोलावली. देवगडनं सभेत भलतीच सूचना मांडली: सेक्रेटरीची माफी इथून पुढे ज्याला गरज आहे त्यानं आधी मागावी, आणि मागताना कारण सांगायची सक्ती नसावी. यावर बरीच बाचाबाची झाली. एकानं विचारलं, “मग उद्या कोणीही मागेल!” देवगड म्हणाला, “मागू दे. हिशेब ठेवावा लागेल ना!” (हशा) ठराव थोड्या मतांनी पास झाला. सांगोला निवडून आला, तोही थोड्याच मतांनी. काही मुलांना तो पसंत नव्हता. कारणं त्यांनी सांगितली नाहीत, आम्हाला अंदाज होता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. खोलीत महिनाभर अवघडलेपण होतं. आम्ही त्याच्या ताटाकडे बघायचो, आणि आम्ही बघतोय हे त्याला कळायचं. माफी मागावी की नाही, हे ठरेना. माफी मागणं हेही पुन्हा ‘आम्ही’ आणि ‘तू’ करणंच झालं असतं. शेवटी मागितलीच नाही.

आमच्या घरातून या सगळ्याला एक दुरुस्ती येते, ती सांगितली पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर खैर नाही. सौभाग्यवती त्याच काळात मुलींच्या वसतिगृहात होत्या. त्या म्हणतात, तुम्ही मुलगे एकत्र राहायला शिकलात, आम्ही एकटं राहायला शिकलो. संध्याकाळी साडेसातला फाटक बंद, भेटायला येणाऱ्याचं नाव रजिस्टरात, सगळं खरं. पण आयुष्यात पहिल्यांदा जेवायला बसल्यावर कोणी “जरा उठून वाढ” म्हणालं नाही. स्वतःची कॉट, स्वतःचं कुलूप. त्यांच्यासाठी ‘आपण’ घरी भरपूर होतं, ‘मी’ वसतिगृहात सापडला. हे बरोबर आहे. म्हणून आजच्या मुलामुलींना स्वतंत्र खोली हवीशी वाटते, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. एकांतही हक्क आहे. फक्त इथल्या काही विद्यार्थ्यांकडून कळलं की आता जेवणाचे खाडे फोनवर टाकतात, आणि फुली मारायला वहीच नसते. मग कांदा चिरणाऱ्या माणसाला कोण किती दिवस नुसतं पाणी पितोय हे दिसणार कसं, याची काळजी वाटते. ज्यांच्याकडे वसतिगृहांचा कारभार आहे त्यांनी आचाऱ्याला अधूनमधून विचारत जावं.

सांगोला पुढे हिशेब तपासणीच्याच खात्यात गेला आणि मोठ्या पदावरून निवृत्त झाला. सेक्रेटरी झाल्यावर त्यानं पहिलं काम कुठलं केलं असेल, तर आमच्या काळातली वही तपासली. जानेवारीच्या भाजीखर्चात ४ रुपये ३५ पैशांचा मेळ लागत नव्हता. त्यानं तांबड्या पेन्सिलीनं तिथे प्रश्नचिन्ह काढलं. पन्नास वर्षं झाली. फोन केला की पहिल्यांदा प्रकृती विचारतो, मग नातवंडं विचारतो, आणि मग विचारतो, “वाई, त्या चार रुपये पस्तीस पैशांचं काय ठरलं?”

आम्ही अजून दिलेले नाहीत. दिले तर तो फोन कशाला करेल?

चला, जरा पाणी घेतो. मग तुमचे प्रश्न.